पाच जणींच्या वाटचं कॉक-कॉक

मी बेरिल बोलतेय. डेसची थोरली बहीण बेरिल नव्हे. ती बॅलराटला असते, दर नाताळात येते आणि पुडिंग दोनदा वाढून घेते. मी काळी बेरिल, परसातली, लिंबाच्या झाडाखालची. कोंबडी. वय विचारू नका. एक पाय आखडलाय, तुरा फिका पडलाय आणि शेवटचं अंडं कधी घातलं ते नोरीनला आठवत असेल तर असेल, मला काही आठवत नाही.

हे नाव मला कसं पडलं ते आधी सांगते. नोरीन माझी मालकीण, डेस तिचा नवरा. डेसला पाच बहिणी, म्हणजे नोरीनला पाच नणंदा: बेरिल, एडना, विनी, मेव्ह आणि डॉट. लग्नानंतर पहिल्यांदा कोंबड्या पाळल्या तेव्हा नोरीनने पाचही नावं कोंबड्यांना देऊन टाकली. नणंदेला तोंडावर जे बोलता येत नाही ते कोंबडीला बोलता येतं. "एडना, किती खाशील गं? दुसऱ्यांना ठेव की जरा." "विनी, सगळं अंगण उकरून ठेवलंस. आता झाडायला कोण येणार, तुझा भाऊ?"

एका नाताळात नोरीन खुराड्यात वाकून ओरडत होती, "बेरिल, हल की बाई! दिवसभर नुसती बसून असतेस!" आणि खरी बेरिल केकचा डबा घेऊन मागे उभी. त्या दिवशी टेबलावर काट्याचमच्यांचेच आवाज येत होते म्हणे. डेसला ते आठवलं की तो अजून एकटाच हसतो.

एखादी मेली की तिचं नाव पुढच्या तलंगेला जातं. मी आल्यापासून एडना तिसरी झाली, डॉट चौथी. बेरिल मात्र मीच आहे, कारण मी मरतच नाही.

आमच्या गावात परसात कोंबडा ठेवायला बंदी आहे. पहाटे आरवतो, शेजारी तक्रार करतात. म्हणून एखादी कोंबडी खुडूक बसली की नोरीन बाहेरच्या शेतावरून अंडी आणते आणि तिच्याखाली ठेवते. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गवत घालून, मांडीवर धरून आणलेल्या त्या अंड्यांतली एक मी. मला उबवलं एका बुटक्या तांबड्या कोंबडीने. महिन्याभरात मी तिच्याहून मोठी झाले, तरी ती मला पंखाखाली घ्यायला बघायची. माझं डोकं तेवढं आत मावायचं.

कोंबड्या पाळणं म्हणजे रोज सकाळी चार अंडी उचलणं, असं लोकांना वाटतं. नोरीनला विचारा. उन्हाळ्यात इथे असा गरम वाऱ्याचा झोत येतो की आम्ही चोच वासून, पंख पसरून पडून राहतो. मग ती जाळीवर ओली पोती टाकायची, कलिंगडाच्या फोडी बर्फात गोठवून आणायची. फटींत बारीक तांबडे किडे झाले की अख्खं खुराडं घासून चुना लावायचा. उंदीर दाणे खातात, मॅगपाय पक्षी पाणी घाण करतात, आणि शरदात आमची पिसं झडली की आम्हाला बघवत नाही. त्यात एखादीला स्वतःचंच अंडं फोडून खायची चटक लागली, की झालंच.

पण सुखही होतं. लिंबाखालच्या कोरड्या मातीत लोळण घेताना अंगात जे ऊन मुरतं त्याला तोड नाही. आणि मी पहिलं अंडं घातलं तेव्हा नोरीनने ते उचललं आणि मिटलेल्या डोळ्यावर धरलं. गरम अंडं ती नेहमी तसं धरायची, आधी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर. मला फार बरं वाटायचं ते बघून. जास्तीची अंडी कुंपणावरून व्हिन्कोला जायची, शेजारच्या म्हाताऱ्याला, आणि तिकडून टोमॅटो यायचे.

मग माझी अंडी बंद झाली. डेस म्हणाला, "आता बेरिलचं सूप करून टाकू."

नोरीन म्हणाली, "बॅलराटवालीचं आधी कर. तिने तर आयुष्यात काहीच दिलेलं नाही."

विषय तिथेच संपला. इथे ज्या कोंबडीने अंडी दिली ती इथेच म्हातारी होईल, हा नोरीनचा नियम. पण तो नियम कोंबड्या थोड्याच पाळतात? एडना आणि मेव्ह मला दाण्यापाशी टोचायच्या, संध्याकाळी दांडीवरून ढकलून द्यायच्या. मग मी हातगाडीच्या कडेवरून लिंबाच्या फांदीवर चढून बसायला लागले. अंधार पडता पडता नोरीन यायची, मला काखेत उचलायची, आत दांडीच्या टोकाला ठेवायची आणि बाकीच्यांना दम भरायची. मग दाराला खिट्टी घालायची. रोज. आम्ही आत गेल्यावर दार लावलं नाही तर कोल्हा येतो. या गावात कोल्हा न बघितलेली कोंबडी नाही. म्हणजे बघितलेली बहुतेक आता नाहीच.

उन्हाळा सरताना एका ओल्या सकाळी खरकट्याची बादली घेऊन येताना नोरीन विटांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिला गाडीत घालताना ती विव्हळायचं सोडून डेसला बजावत होती, "संध्याकाळी दार लावायचं हं! विसरू नकोस!"

"किती वाजता?" डेसने विचारलं.

डेस जन्मभर रेल्वेत सिग्नलवर होता. त्याला वेळ सांगितल्याशिवाय काम सांगता येत नाही. दुखत असताना नोरीनला जे सुचलं ते ती बोलली, "सातच्या बातम्या संपल्या की."

आणि डेसने ते अक्षरशः पाळलं. बातम्या संपल्या की स्वयंपाकघराचं दार वाजायचं, विजेरी घेऊन तो यायचा, खिट्टी लावायचा. मला फांदीवरून उचलायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने उचललं नाही. "बस तिथेच," म्हणायचा. दाणे मात्र वेळेवर घालायचा. आणि दुपारी चहा झाला की उलट्या बादलीवर बसून फोन जाळीला धरायचा. पलीकडे दवाखान्यात नोरीन असायची. तिला आमचा आवाज ऐकायचा असायचा.

"आहेत का सगळ्या?" फोनमधून तिचा आवाज यायचा.

"सगळ्या आहेत. तू चाललीस का आज?"

"दारापर्यंत. व्यायाम करून घेणारी ती पोरगी म्हणते, आणखी चाल. मी म्हटलं, माझ्या कोंबड्या असत्या इथे तर धावले असते."

त्यांची मुलगी ग्लेनिस शहरात असते. तिने दोघांसाठी तिच्या घराजवळ एक फ्लॅट बघून ठेवला होता. आई धड चालली नाही तर घर विकायचं आणि तिथे जायचं, असं ठरत होतं. हे मला कसं कळलं म्हणाल, तर डेस व्हिन्कोशी कुंपणावरून बोलतो, आणि दोघांनाही कमी ऐकू येतं.

मग तो रविवार आला. वर्षातून दोनदा ही माणसं घड्याळं फिरवतात; एकदा पुढे, एकदा मागे. का, ते मला या वयातही समजलेलं नाही. त्या सकाळी डेसने घरातली सगळी घड्याळं एक तास मागे केली, ओव्हनचं, गाडीतलंसुद्धा. व्हिन्कोला ओरडून विचारलंही, "केलंस का रे घड्याळ मागे?" पण सूर्याला कुणी विचारलं नव्हतं. तो आपल्या वेळेला गेला. आम्हीही आपल्या वेळेला गेलो, त्या चौघी आत, मी फांदीवर. अंधार झाला. घड्याळ तासभर मागे, म्हणून घरात बातम्या सुरूही झाल्या नव्हत्या.

कोल्हा दारातून गेला, जसं घरचंच कुणी जावं. मी वरून ऐकलं. त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही. त्या मला टोचायच्या, ढकलायच्या, पण मेव्ह लहान असताना माझ्याच पोटाखाली झोपायची.

बातम्या संपल्या. डेस आला. विजेरीचा उजेड खुराड्यात गेला, मग जमिनीवर, मग हळूहळू वर झाडात माझ्यावर. तो बादलीवर बसला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "बरोबर वेळेवर आलो की गं मी."

सकाळी त्याने चौघींना लिंबाखाली पुरलं. व्हिन्को कुंपणावर हात टेकून उभा होता.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"लेका, बायको आहे तुझी."

"व्हिन्को, ती पाय उचलतेय तो यांच्यासाठी. याच उरल्या नाहीत म्हटल्यावर ती उठेल का? त्या फ्लॅटवर सही करून मोकळी होईल. मी ओळखतो तिला."

"मग आज फोन आला की काय करशील?"

 डेसने माझ्याकडे बघितलं.

दुपारी तो जाळीशी आला. फोन माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातला पावाचा तुकडा दाखवला. ओठ हलवत, आवाज न करता म्हणाला, बोल. बोल गं बेरिल.

मी थकले होते. रात्रभर डोळा लागला नव्हता. पण त्याचा चेहरा मला बघवेना. मी बोलले. अंडं घातल्यावर एडना जसं साऱ्या गावाला सांगायची तसं आधी ओरडले. मग मेव्हसारखं बारीक कुरकुरले. विनीसारखं पिंपाआडून, डॉटसारखं पळता पळता. आखडलेला पाय ओढत जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, म्हणजे आवाज सगळीकडून येईल. इतकी वर्षं अंडी घातली, पण तेवढं कष्टाचं काम मी कधी केलं नव्हतं.

 फोनमधून नोरीन म्हणाली, "आज खूप बोलतायत रे बायका."

"हो ना," डेस म्हणाला.

"मी उद्या जिना चढून बघणार आहे, डेस."

त्यानंतर रोज दुपारी मी पाच जणींच्या वाटचं ओरडले. तिकडे ती जिने चढत होती. तिला घरी सोडायचं ठरलं तेव्हा डेस धावत बाजारात जाऊन चार कोंबड्या घेऊन आला. आमच्या सगळ्या काळ्या, आणि मिळाल्या तांबड्या.

"पिसं झडून नवीन आली म्हणून सांगेन," तो म्हणाला.

"आणि रंग?" व्हिन्को म्हणाला. "सलूनमध्ये गेल्या होत्या का चौघी?"

नोरीन आली ती चाकांचा वॉकर ढकलत. डेसने मागच्या पायऱ्यांवर तिच्यासाठी फळ्यांची उतरण करून घेतली होती. ती हळूहळू उतरली, जाळीपाशी थांबली. "एडना," तिने हाक मारली. एक तांबडी दाणे टिपत राहिली. "मेव्ह? विनी?" कुणी वळलं नाही. डेस तोंड उघडून उभा होता, पिसांची गोष्ट त्याच्या ओठांवर होती.

मी फांदीवरून उतरले आणि तिच्या बुटांपाशी गेले. तिला अजून वाकता येत नव्हतं. तिने डेसला सांगितलं, "दे तिला माझ्याकडे." त्याने मला उचलून तिच्या काखेत दिलं, पूर्वीसारखं.

"फोनवर तू एकटीच बोलत होतीस ना गं?" ती माझ्या कानाशी म्हणाली.

डेस मटकन बादलीवर बसला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. मी काय एडनाचा आवाज ओळखत नाही? त्या रात्री खूप रडले. मग म्हटलं, तिथे एक म्हातारा आणि एक म्हातारी माझ्यासाठी इतकं नाटक करतायत. मला उठलंच पाहिजे."

"नोरीन, मी वेळेवरच आलो होतो. घड्याळ..."

"माहीत आहे रे. मीच तुला बातम्या सांगितल्या. आकाश बघ म्हणून सांगायला हवं होतं."

मग दोघंही रडली. मला मध्ये धरून रडली, त्यामुळे माझी पिसं भिजली. तक्रार कशाला करू? माझा आवाज तसाही बसला होता.

आता डेस दार लावायला घड्याळ बघत नाही. अंधारून यायला लागलं की बादलीवर येऊन बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. नोरीनच्या उतरणीतून उरलेल्या फळीची त्याने मला खुराड्याच्या दाराशी छोटी उतरण करून दिलीय, वर आडव्या पट्ट्या ठोकून, आखडलेला पाय घसरू नये म्हणून. मी आत गेले की तो खिट्टी लावतो. खरं सांगू, मला दुपारपासूनच आत जावंसं वाटतं. डोळे मिटतात. पण मी लवकर गेले तर तो दार लावेल आणि त्या चार तांबड्या बाहेर राहतील. म्हणून मी उतरणीशी उभी राहते. नवी एडना जाते, नवी मेव्ह जाते, सगळ्यात शेवटी उनाड डॉट. मग मी.

एखाद्या संध्याकाळी मी उतरणीशी नसेन, ती आता फार लांब नाही. त्या दिवशी डेस बादलीवर बसून माझी वाट बघेल. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, डेस, वर बघ, अंधार झाला, लाव दार. माझं तेवढंच मागणं आहे. आता सरका जरा, डॉट आत गेली.