सहाशे ओहम

"हेडफोन ठीकच हाय वो! यायचेच कान गेले!" वच्छलाबाई दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर वाकून एवढ्या जोरात बोलल्या, की भद्रावतीच्या बस स्टँडवरची दोन माणसं मागे वळून पाहू लागली.

त्यांचे यजमान नथ्थूभाऊ शेजारीच मान खाली घालून उभे होते. काउंटरवर त्यांनी एक भलामोठा काळा हेडफोन ठेवला होता. तो विकायचा आणि तसंच चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे जायचं, असा आजचा बेत होता.

माजरीच्या कोळसा खाणीत नथ्थूभाऊंनी पंपावर एकतीस वर्षं काढली. पण ती झाली पोटाची नोकरी. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला, की ते रजा टाकून ऑर्गनवर बसायचे. गाणारी अडखळली तर तिला सुरात उचलून पुढं न्यायचं, हे त्यांचं खरं आयुष्य. निवृत्तीनंतर तर तेवढंच उरलं होतं.

यंदा नाटक कंपनीच्या प्रवीणनं नव्या नाटकातल्या गाण्यांची तालीम रेकॉर्ड करून मोबाईलवर पाठवली. मुलानं, म्हणजे निकेशनं, नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला हेडफोन मोठ्या कौतुकानं आणून दिला. नथ्थूभाऊंनी तो मोबाईलला लावला, आवाज पूर्ण वाढवला, आणि गाणं शेजारच्या गल्लीत चालल्यासारखं ऐकू आलं. निकेशनं तेच गाणं आपल्या छोट्या इअरफोननं ऐकलं आणि म्हणाला, "मले तं खणखणीत येऊन राह्यलं, बाबा."

झालं! पंपांनी म्हाताऱ्याचे कान खाल्ले, असा निकाल लागला. माजरीत घरोघर एक तरी ऐकू न येणारा माणूस, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. तो मोठा हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहण्याचं कुणाला सुचलं नाही. एवढी भारी वस्तू कशी चुकेल? म्हाताऱ्याचा कान मात्र खुशाल चुकू शकत होता.

दोन महिने घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत होते. त्यामुळे हळू बोललेलं ऐकू येतं की नाही, हे कळायची सोयच राहिली नाही. हळूहळू त्यांचं त्यांनाही पटलं. प्रवीणनं आज दुपारपर्यंतची मुदत दिली होती. "भाऊ, गाणी बसवता का सांगा. नाई तं नागपूरचा कीबोर्डवाला तयार हाय."

काउंटरमागच्या शगुफ्तानं हेडफोन उलटून पाहिला. वडिलांच्या, जलालुद्दीनभाईंच्या, मागं गेली नऊ वर्षं ती हे दुरुस्तीचं दुकान एकटी चालवत होती. आतल्या बाजूचे बारीक आकडे वाचून ती हसली.

"काका, हे कशाले लावलं होतं?"

"मोबाईलले. आमच्या निकेशच्या छोट्या इअरफोनमधी तं खणखणीत येते."

"मंग तुमच्या कानाले काऊन बदनाम करून राह्यले?" तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून ते गाणं सुरू केलं. "हे पाहा, मलेबी नीट नाई येत! आता मीबी बहिरी का?"

वच्छलाबाई काउंटरवर आणखी वाकल्या.

"याच्यावर सहाशे ओहम लिवलं हाय," शगुफ्ता म्हणाली. "इम्पिडन्स म्हणतात त्याले. आत बारीक तारेचे लय वेढे हायत, ते करंटले अडवतात. त्याले दाब पाहिजे, अन् मोबाईलमधी तेवढा दाब नाई."

नथ्थूभाऊंनी मान वर केली. हे तर त्यांच्या पंपांचंच बोलणं होतं. "म्हणजे पाणी खोल अन् मोटर लहान?"

"बराबर! अन् दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटी. मिळालेल्या ताकदीत आवाज किती काढते ते. काही माणसं एका हाकेत उठतात, काहींच्या तोंडावर पाणी मारावं लागते ना? निकेशचा इअरफोन एका हाकेवाला, सोळा ओहमचा असंल. हा तुमचा पाणी मारायवाला."

तिनं फळीवरून एक जुना अॅम्प्लिफायर उतरवला. जलालुद्दीनभाईंनी स्वतः बांधलेला. धूळ पुसून तिनं मोबाईल त्याला जोडला, हेडफोन नथ्थूभाऊंच्या कानावर चढवला आणि बटण सावकाश फिरवलं.

नाटकात गाणाऱ्या दिव्यानीचा आवाज थेट समोर येऊन उभा राहिला. पाठोपाठ तबल्याच्या शाईवरची थाप, झांजेची किणकिण, तालमीच्या खोलीतला पंखासुद्धा. नथ्थूभाऊंची बोटं काउंटरच्या काचेवर आपोआप चालू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अंतऱ्यावर बोटं थबकली. त्यांनी तेवढा तुकडा तीनदा ऐकला, हेडफोन काढला आणि प्रवीणला फोन लावला.

"प्रवीण, दिव्यानीले काळी चारची पट्टी झेपून नाई राह्यली. वरच्या सुरावर ते श्वास चोरते. अर्ध्या सुरानं उतरव, पांढरी पाचमधी घे. नाई तं चार खेळांत तिचा गळा बसंल."

पलीकडून प्रवीण म्हणाला, "भाऊ, काल तालमीत रडलीच ते. गळा दुखते म्हणे. आमाले वाटलं, नखरे करून राह्यली. इतक्या जणांनी ऐकलं, कोणाच्याच ध्यानात नाई आलं."

"मंग कीबोर्डवाल्याचं काय करतं?"

"त्याले नाई म्हणून कळवतो. ऑर्गनवर तुमीच बसता, भाऊ."

नथ्थूभाऊंनी छाती फुगवून बायकोकडे पाहिलं. पहिल्या प्रयोगाच्या वन्समोरलाही त्यांनी असं कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"हंगाम होईपर्यंत घेऊन जा," अॅम्प्लिफायर पिशवीत घालत शगुफ्ता म्हणाली. "अब्बा तुमचे नाटक पाहाले यायचे. फक्त निकेशचा इअरफोन याले लावू नका, कान फाटतील. अन् डॉक्टरले एकडाव दाखवाच. पंपाजवळ जिंदगी गेली तुमची."

दोघं स्टँडकडे निघाले. एका हातात अॅम्प्लिफायरची पिशवी, गळ्यात हेडफोन अशा थाटात नथ्थूभाऊ पुढे चालले होते. चंद्रपूरची गाडी फलाटावर घरघरत उभी होती, कंडक्टर ओरडत होता. चार पावलं मागून येणाऱ्या वच्छलाबाई पदराआड स्वतःशीच पुटपुटल्या, "दोन महिने उगाच ओरडली मी यायच्यावर."

नथ्थूभाऊ मागे न वळता म्हणाले, "ऐकू आलं."