डाव्या विंगेतली सई

तालमीत हिरण्मयी वाक्य विसरली की डाव्या विंगेतून कुणीतरी ते हळूच पुरवत असे. नितायदा प्रॉम्प्टिंगला बसत ते उजव्या विंगेत, आणि त्यांची कुजबुज बाहेर भजीवाल्यापर्यंत ऐकू जाई. डावीकडे नुसतं एक रिकामं स्टूल होतं.

आवाज कुणाचा, हे हिरण्मयीनं पहिल्याच दिवशी ओळखलं. सोबत जर्द्याचा वास आला होता.

सदा जर्दा मळणारी तिची मैत्रीण वारून उन्हाळा उलटला होता. परकर नेसायच्या वयात दोघींनी एकमेकींच्या ओंजळीत शिउलीची, म्हणजे पारिजातकाची, फुलं घालून जन्माची सई जोडली होती. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'शिउलीफूल'च म्हणत. सईचं खरं नाव घेतलं की सई तुटते, हे शांतिपूरच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

नितायदांनी नाटक लिहिलं तेच या दोघींसाठी. म्हातारपणी गोंधळ नको म्हणून पात्रांनाही त्यांचीच नावं दिली. शेवटी एक मैत्रीण कायमची मुलाकडे निघते, पण तिचा पाय घाटावरून उचलत नाही. तेव्हा दुसरी तिला नावानं हाक मारते आणि मोकळी करते. तालमीत हिरण्मयी ते नाव गाळायची. "खेळाच्या दिवशी घेईन," म्हणायची. मैत्रीण हसायची, "तेवढं मात्र विसर हो, शिउलीफूल."

खेळाआधीच ती गेली. आता तिची भूमिका मौ नावाची मुलगी करत होती.

हिरण्मयी मुद्दाम अडखळू लागली. गप्प राहिलं की तो आवाज येई.

नितायदा वैतागले. "हिरण, अक्कल वाढावी म्हणून जन्मभर माशांची डोकी खाल्लीस, ती गेली कुठं?"

"तुम्ही खाऊ दिलीत कुठं, दादा? सगळी तुमच्याच पानात!"

सगळे हसले. मौ हसली नाही. तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. चहा पिताना ती हळूच म्हणाली, "हिरणदी, घाटाच्या पायरीवर उभी राहिले की पाय गार पडतात. तुमच्याकडे बघते ना, तेव्हा वाटतं, बघणारी मी नाहीच."

"खुळी कुठली! दुर्गापूजेचे उपास सुरू केलेस की काय?"

पण मौनं पदराखालून डबी काढली आणि सराईतपणे जर्दा तळहातावर मळला. त्या मुलीनं कधी साधं पानसुद्धा खाल्लं नव्हतं. हिरण्मयीनं चहा खाली ठेवला आणि डाव्या विंगेकडे पाहिलं.

पूजेच्या आधल्या रविवारी खेळ झाला. नाटकघर गच्च भरलं होतं. हिरण्मयी तीनदा अडखळली आणि तीनही वेळा डावीकडून शब्द आले. मग घाटाचा प्रवेश आला. मौ गाठोडं घेऊन निघाली आणि पायरीवर थबकली. तसं नाटकात होतंच. पण मौच्या कपाळावर घाम फुटला होता. ओठ न हलवताच ती पुटपुटली, "दी, पाय खरंच उचलत नाही."

हिरण्मयीनं डावीकडे पाहिलं. विंगेतून काहीच आलं नाही. हे एक वाक्य तिथून कुणी पुरवणार नव्हतं. उजवीकडून नितायदा घसा फोडून सांगत होते, तिसऱ्या रांगेत कुणी खुदखुदलंही. आपण गप्प राहिलो तर शिउलीफूल राहील, हे तिला कळत होतं. समोरची पोर थरथर कापत होती.

"तरुलता," ती म्हणाली. "जा आता."

मौचा पाय सुटला. ती धावतच होडीच्या फळीवर चढली. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या आडून डाव्या विंगेतून हाक आली, स्पष्ट, पूर्ण नावाची.

"हिरण्मयी."

पडदा पडला. मौ तिला येऊन बिलगली. तिचे हात उबदार होते. "दी, तिकडून तुम्हाला नावानं कुणी हाक मारली?"

स्टुलाकडे पाहत हिरण्मयी म्हणाली, "तरुलतानं." दुसऱ्यांदा ते नाव सहज आलं, आणि त्याचंच तिला रडू फुटलं.