मारव्यातला बास

स्नेहलता आपटे जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका जॅझ बँडात शिरली ती बँडप्रमुख, पियानोवाल्या डीटरमुळे. तिचा नवरा दिनकर तिथे डॉक्टरेट करत होता आणि डीटर त्याच्याच प्रयोगशाळेत होता. एकदा घरी जेवायला आला, तिचं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "फ्राऊ आपटे, आमच्यासाठी काहीतरी लिहा ना. गायचंही तुम्हीच."

तिने मारवा घेतला. मारव्यात षड्जावर टेकायचं नसतं. त्याच्या आसपास घिरट्या घालायच्या आणि निसटायचं. हॅनोव्हरला आल्यापासून तिला दुसरा राग सुचतच नव्हता. ट्रम्पेट, पियानो, ड्रम्स, सगळ्यांच्या ओळी तिने बसवल्या.

अडलं ते होर्स्टपाशी. होर्स्ट दिवसा ट्राम चालवायचा आणि संध्याकाळी बास वाजवायचा. प्रत्येक वळणावर तो धपकन षड्जावर येऊन बसे, की सुरांची सगळी घालमेल तिथेच विझे.

"होर्स्ट, तिथे थांबू नका."

"मग पाय कुठे ठेवू? बासने जमीन द्यायची असते. ती नको असेल तर मीही नको!" त्याने बास गवसणीत घातला आणि चालता झाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या ट्राममध्ये चढली. चालकाशी बोलायची मनाई, म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत गप्प बसली. तिथे होर्स्टने पावाचा डबा उघडला. तिने त्याच्यासमोर उभं राहून त्याची ओळ गायली, मग पुन्हा गायली. तिसऱ्यांदा तोही घास गिळून गुणगुणू लागला.

"चालत राहायचं, एवढंच," ती म्हणाली.

"आल्झो, बरं तर, रविवारी येतो," तो म्हणाला.

रविवारचा कार्यक्रम सकाळचा होता. संध्याकाळचा मारवा सकाळच्या पारी! गुरुजींनी ऐकलं असतं तर कान उपटले असते. होर्स्ट सुरुवातीला छान चालला. मग ट्रम्पेट तापला, ड्रम्स सुटले, आणि गोंधळात जुनी सवय उफाळली. होर्स्ट षड्जावर येऊन बसला. तिथून हलेना. लोकांना वाटलं, संपलं; टाळ्या सुरू झाल्या.

स्नेहलताच्या अंगाची लाही झाली. तिने डोळे मिटले आणि त्याच्या षड्जावर कोमल रिषभ लावला. दोन सूर एकमेकांना घासू लागले. टाळ्या थबकल्या. पुढच्या रांगेतल्या दिनकरने मान खाली घातली. तिचा श्वास संपत आला तरी ती सोडेना. शेवटी होर्स्टचं बोट हललं, वर सरकलं, आणि अख्खा बँड पुन्हा वाहता झाला.

"ढकललंत मला," नंतर घाम पुसत होर्स्ट म्हणाला.

"गेनाऊ. अगदी बरोबर."

तो मोठ्याने हसला.

बाहेर आल्यावर दिनकर म्हणाला, "चांगलं झालं गं. पण शेवटपर्यंत जिवाला चैन नव्हती."

"अहो, मग जमलं म्हणायचं," ती म्हणाली. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ट्रम्पेट फार लवकर तापतो, हे तिला खुपत होतं. डीटरला गाठायला ती तशीच उलट पावली आत गेली.