अकराव्या जहाजाचा आवाज

आईचा फोन आला तेव्हा मी माईकवर होते. मी माईकवर असताना फोन करू नकोस, असं तिला नोकरीला लागल्या दिवसापासून सांगत आले आहे आणि ती नेमका तेव्हाच करते. फलाट बदललेल्या बसची घोषणा संपवली, बटण बंद केलं आणि काय गं म्हणून विचारलं. तर म्हणाली, अगं, तुझी बहीण जहाज झाली.

दुसऱ्या कोणाला या वाक्याचा अर्थ लागला नसता. मला लागला, आणि पोटात दुखायला लागलं तेही त्याच क्षणी. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

‘अकरावं जहाज’ ही मालिका आम्ही लहान असताना टीव्हीवर लागायची. दहा जहाजं अंतराळात हरवलेली आणि अकरावं त्यांना शोधायला निघालेलं. आत पाच माणसं, आणि स्वतः जहाज, जे बाईच्या आवाजात बोलायचं. भिंती पुठ्ठ्याच्या, ग्रह थर्माकोलचे. दारं आपोआप सरकतात असं दाखवायचं होतं, म्हणून मागून कोणीतरी ती हातानं ओढायचं. नीट पाहिलं तर दाराच्या कडेला त्या माणसाची बोटं दिसायची. आम्ही त्या बोटांवर जीव टाकला होता. आता इतक्या वर्षांनी ती मालिका नव्यानं करणार होते, बक्कळ पैसा ओतून, आणि जहाजाचा आवाज म्हणून माझ्या धाकटीला घेतलं होतं.

धाकटी डबिंग करते. आजवर तिनं कार्टूनमधली खार केली, साबणाच्या जाहिरातीतलं बाळाचं हसू केलं, कुठल्याशा सिनेमात पुरात वाहून जाणारी बाई केली. त्याला माझी कधीच हरकत नव्हती. खारीवर माझा डोळा नव्हता. पण जहाज? मालिका सुरू झाली की ही मुलगी भीतीनं पलंगावर तोंडाकानांवर उशी दाबून पडायची. एक भाग कधी धड डोळ्यांनी पाहिला नाही, आणि ती जहाज होणार. बरं, मला एका शब्दानं विचारलंही नाही. आवाजाची चाचणी आहे, ताई, तूही ये, एवढं म्हणायला काय जात होतं? संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, तुला नोकरीतून वेळ कुठे असतो, आणि मलाच कुठे वाटलं होतं घेतील म्हणून. मी तिचं तोंड भरून कौतुक केलं. आवाजावर ताबा ठेवण्याचाच मला पगार मिळतो.

आई तर हवेतच होती. “तुझा आवाज ऐकायचा तर बसस्थानकावर यावं लागतं,” ती म्हणाली, “हिचा आता घरी येणार.” तिच्या मनात काही नव्हतं. आयांच्या मनात कधीच काही नसतं, म्हणून तर ते जास्त झोंबतं.

आणि यातली खरी गोम आईला ठाऊक नव्हती. आमच्या गावात त्या मालिकेच्या वेड्यांचं एक मंडळ आहे, आणि त्या मंडळाची जहाजबाई मी आहे. दर महिन्याला एका रविवारी आम्ही दंतवैद्याच्या दवाखान्यात जमतो. दवाखाना बंद असतो, बाहेरच्या खोलीत खुर्च्या आधीच ओळीत मांडलेल्या असतात, समोर टीव्ही आणि वर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र. आमचा एक रिवाज आहे. सगळे येऊन आपापल्या खुर्चीसमोर उभे राहतात. जहाजाची परवानगी मिळाल्याशिवाय कोणी बसत नाही. मी आतल्या खोलीत, जिथे डॉक्टर दाढा काढतात तिथे, दाराआड उभी राहते आणि तिथून म्हणते, हवा ठीक आहे, बसा. मग सगळे बसतात. मोठमोठी माणसं आहेत बरं का, बँकेतली, शाळेतली. त्यातल्या एकानं एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही माझा आवाज येईपर्यंत टेकायला नकार दिला होता. दिवसभर मी हजारो लोकांना बस कुठे लागली ते सांगते आणि एकही जण काचेआड पाहत नाही. इथे मात्र माझ्यावाचून कोणाचं बूड खुर्चीला लागत नव्हतं. माझं म्हणावं असं जगात एवढंच होतं आणि आता खरी जहाजबाई माझ्याच घरातून निघाली होती.

मालिका नव्यानं येणार म्हटल्यावर मंडळानं आधीच थयथयाट सुरू केला होता. पहिली छायाचित्रं आली तेव्हा दंतवैद्य दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. भिंती चकचकीत, कप्तान पोरसवदा, आणि दारं खरोखरच आपोआप सरकणारी. इंटरनेटवर देशोदेशीच्या वेड्यांनी एकच गिल्ला केला, बोटं परत आणा. आमच्यातले नळकाम करणारे काका, एरवी मितभाषी माणूस, त्यांनी स्वतःच्या बोटांचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि खाली लिहिलं, मी फुकट येईन.

जहाजाच्या आवाजाबद्दल मात्र माझ्यासमोर सगळे मूग गिळून बसायचे. तुमच्या धाकट्या बहिणीचं अभिनंदन, म्हणायचे आणि बुटांकडे पाहायचे. त्यांच्या त्या सभ्यपणानं माझा जीव नकोसा झाला.

मग ट्रेलर आला. घोषणाकक्षात जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून मी तो पाहिला. स्फोट, पळापळ, रडका कप्तान. आणि शेवटी सगळं काळं होतं आणि धाकटी बोलते, “कप्तान, बाहेर… कोणीतरी आहे.”

‘बाहेर’ म्हणून ती थांबली होती. एका श्वासाएवढं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो तिनं आणला होता याचा मला इतका राग आला की डबा तसाच झाकून ठेवला. चांगलं केलं होतं तिनं. वाईट केलं असतं तर मी तिच्या बाजूनं साऱ्या जगाशी भांडले असते, हे शपथेवर सांगते. ट्रेलरखाली लोक लिहीत होते की बाकी सगळं चुलीत घाला, पण हा आवाज कोणाचा आहे? आवाज कोणाचा, आवाज कोणाचा. वाचता वाचता माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिथल्या तिथे मी ‘जुना प्रेक्षक’ असं नाव घेतलं. पुरुष झाले, म्हणजे कोणाला शंका नको. आणि लिहिलं. ज्यांनी मूळ मालिका पाहिली आहे त्यांना तिसरा भाग आठवत असेल. त्यात जहाज हेच वाक्य बोलतं आणि इथेच थांबतं. ते थांबणं म्हणजे सगळी मालिका आहे. नव्या बाईंनी ते जसंच्या तसं उचललं आहे. याला कला म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात. लिहून झाल्यावर डबा उघडला आणि सगळा संपवला.

चिडलेल्या माणसांना कोणीतरी शब्द पुरवावा लागतो. तो मी पुरवला. दोन-चार दिवसांत जिकडेतिकडे नक्कल, नक्कल. आधी जे आवाजावर लट्टू झाले होते तेच आता म्हणायला लागले की हो, आम्हालाही तेव्हाच वाटलं होतं. मूळ भाग कोणी काढून पाहिला नाही. आमच्यासारख्यांना सगळे भाग तोंडपाठ असतात, पाहायची गरज काय? दंतवैद्यांनी मंडळाच्या वतीनं कंपनीला रीतसर तक्रार पाठवली आणि त्यात जुन्या प्रेक्षकाचं म्हणणं सगळ्यात वर घातलं. पाठवण्याआधी त्यांनी मला विचारलं, तुम्हाला वाईट वाटणार नाही ना? मी म्हटलं, मालिकेपुढे नातं कसलं. मला म्हणे त्यांनी त्या दिवशी फार मानलं.

मंडळाच्या पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे आतून हवा ठीक असल्याचं सांगितलं, मंडळी बसली, मीही बाहेर येऊन बसले, आणि दंतवैद्यांनी तिसरा भाग लावला. आज ते मूळ थांबणं डोळे मिटून ऐकायचं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. मीसुद्धा मिटले.

जहाज म्हणालं, कप्तान बाहेर कोणीतरी आहे. एका दमात. वीजबिलाची शेवटची तारीख सांगावी तसं.

सगळ्यांनी डोळे उघडले. दंतवैद्यांनी तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. मग पाचवा भाग, मग शेवटचा. जहाज कुठेच थांबत नव्हतं. बिचाऱ्या त्या बाईला कोणीतरी कागद दिला होता आणि तिनं तो वाचून टाकला होता. मग नळकामवाले काका खाकरले.

“असं आपल्या ह्या थांबतात,” माझ्याकडे हात करून ते म्हणाले. “हवा म्हणतात, मग थांबतात, मग ठीक आहे म्हणतात. म्हणून तर आपण उभे असतो.”

दंतवैद्य माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, खरंच की हो, बसस्थानकावरही तुम्ही आकड्याच्या आधी थांबता, माणसं माना वर करतात.

तेव्हा मला ते आठवलं. धाकटी उशी तोंडाकानांवर दाबून पडायची आणि विचारायची, ताई, आता काय चाललंय? मी उशी जरा उचलून तिच्या कानाशी सांगायचे. जहाज काय म्हणालं तेही सांगायचे, जहाजाच्या आवाजात. आणि भीतीच्या शब्दाआधी मुद्दाम थांबायचे, कारण थांबलं की उशीखालून बाहेर आलेल्या तिच्या पायांची बोटं आवळली जायची आणि मला भारी मजा वाटायची. मालिकेतलं जहाज तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं मला ऐकलं होतं. आणि पुढे इतकी वर्षं बोलता बोलता मीच विसरून गेले होते की ते माझं आहे. मला वाटायचं, ते जहाजाचं.

“मोठीच चूक झाली,” दंतवैद्य म्हणाले. “कंपनीला आजच कळवतो की मुळात असं काही नाही, ही नक्कल नव्हे. तुम्ही म्हणाल तसं लिहितो. तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे.”

मी हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. आणि ते श्वासाएवढं थांबणं आपलं आहे हे कळल्यावर कोणालाही आनंदच व्हायला हवा. मला नाही झाला. उलट आणखी भडका उडाला. म्हणजे वस्तू माझी, तोंड तिचं आणि टाळ्याही तिला. ती जगभर गाजणार माझ्या थांबण्यावर, आणि मी इथे दाढा काढायच्या खोलीत दाराआड उभी. मला नाही, तर तिलाही नको. कोणालाच नको.

“राहू द्या,” मी म्हटलं. “मुळात नाही ना? मग नव्यातही नको.”

मंडळाला ते फारच पटलं. मूळ ते मूळ, असं दोघे-तिघे एकदमच म्हणाले.

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघी आईकडे गेलो. आईनं टीव्ही पुसून ठेवला होता. धाकटी जमिनीवर, पलंगाला टेकून बसली होती, आणि येताना मिठी मारली तेव्हा मला ती बारीक झाल्यासारखी वाटली. मी खुर्चीत बसले. स्फोट झाले, पळापळ झाली, आणि जहाज बोललं. कप्तान बाहेर कोणीतरी आहे. सरळ, एका दमात.

“ही तू?” आईनं धाकटीला विचारलं. “मला वाटलं लिफ्ट बोलली.”

धाकटी हसली. मी हसले नाही, पण आतून गार गार वाटलं. आईनं पुढे आणखी दोनदा विचारलं की आता बोललीस ती तूच का, आणि दोन्ही वेळा मला बरं वाटलं. इतके दिवस तिला पाण्यात पाहून जो शीण आला होता तो सगळा उतरला. भाग संपला, नावं वर सरकायला लागली. मी उठायच्या बेतात होते.

“थांब, ताई,” धाकटी म्हणाली आणि गुडघ्यांवर पुढे सरकून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. तिचं स्वतःचं नाव तिथून वर जात होतं. “ह्याच्या खाली तुझं होतं.”

माझं काय, मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. चाचणीला ती माझ्यासारखीच बोलली, दुसरं जहाज तिला येतच नव्हतं. घेतलं तेव्हा तिनं दिग्दर्शकाला सांगितलं की ही पद्धत माझ्या मोठ्या बहिणीची आहे, तिचं नाव शेवटी घालत असाल तर करते. पुष्कळ भांडली त्यासाठी. त्यांनी कबूल केलं, पाटीही तयार झाली. मला सांगितलं नाही, कारण मी आज आईसमोर बसून ती वाचावी अशी तिची इच्छा होती. मग तक्रारी आल्या, नक्कल म्हणून. कंपनी घाबरली, सगळी वाक्यं तिच्याकडून पुन्हा सरळ बोलून घेतली, आणि थांबणं गेलं तसं नावही काढलं. ती त्यांना सांगत राहिली की मूळ भाग एकदा लावून तरी बघा. कोणी लावला नाही.

आई माझ्याकडे पाहत होती. नावं संपली आणि साबणाची जाहिरात लागली.

“कोणी जुना प्रेक्षक म्हणून आहे,” धाकटी म्हणाली. “त्यानं सुरुवात केली. तुमच्या मंडळातला तर नाही ना गं? भेटला तर सांग त्याला.”

“काय सांगू?”

“की ते माझ्या ताईचं होतं.”

मी म्हटलं, सांगते.