प्रभूच्या टेबलाचा बिल्ला

मित्रांनो, त्या शनिवारी मार्सली नावाच्या विधवेला नाही म्हटल्याने फर्कर पंचांच्या पदरात काय पडणार होते, ते आधी सांगतो. पाठ टेकायला एक फळी. चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच हिवाळ्यात वारले होते आणि पाठीची फळी असलेला चर्चमधला एकमेव बाक रिकामा होता. जो पंच नियमाला सर्वांत कडक, त्याला तो मिळणार होता. तीस वर्षे ताठ बसून फर्करांची कंबर दुखत होती.

मी एक जुना शिशाचा बिल्ला आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, वाऱ्याने झोडपलेल्या एका बेटावर माझा जन्म झाला. लोहाराने मासेमारीच्या जाळ्याची जुनी वजने वितळवून आम्हाला गाळले. माझ्या एका अंगावर प्याला आहे, दुसऱ्यावर साल. प्रभुभोजन, म्हणजे येशूने आपल्यासाठी दिलेल्या प्राणांची आठवण म्हणून भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, वर्षातून एकदा. त्याच्या आदल्या दिवशी पंच ज्याचे वागणे तपासून हातावर बिल्ला ठेवतील, त्यालाच रविवारी टेबलापाशी बसता येई. बाकीच्यांनी गवतावर बसून पाहायचे.

सगळ्या भावंडांत माझाच ठसा सुबक उठला होता. त्यामुळे बिल्ले वाटणारे फर्कर दरवर्षी मला हळूच बाजूला काढत, स्वतःसाठी. मला याचा अभिमान होता. निर्दोष माणसाला निर्दोष बिल्ला, असे मी समजत होतो. तेही तसेच समजत होते.

मार्सलीला मात्र बिल्ला कधी मिळाला नव्हता. आमच्याकडे लोक आपण पात्र नाही या भीतीने केस पिकेपर्यंत मागतच नाहीत. यंदा तिने मागितला, कारण तिच्या छातीत पाणी होत होते आणि पुढच्या वर्षापर्यंत ती टिकेल असे वैद्यही म्हणत नव्हता.

फर्करांनी सर्वांसमोर विचारले, "जूनमधल्या शब्बाथला तू दोरीवर घोंगडी वाळत घातली होतीस?"

"घातली होती, फर्करभाऊ."

"का?"

"ओली होती."

मागे कोणीतरी हसू खोकल्यात लपवले. शब्बाथ म्हणजे रविवार, देवाच्या विश्रांतीचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी विहिरीचे पाणीसुद्धा काढत नाहीत, मग धुणे कुठले!

"कोणाची होती?"

"ते नाही सांगणार, भाऊ." फर्करांनी तिचे नाव खोडले. एकेचाळीस नावांची चाळीस झाली. उरलेल्या बिल्ल्यांची थैली चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद झाली आणि मी फर्करांच्या खिशात बसून ऐटीत घरी गेलो.

घरी त्यांची आई ऊना चुलीपाशी बसली होती. तिचे वय झाले होते आणि आठवणी येत-जात असत. फर्करांनी उद्याचे पाणी भरून ठेवले, तशी ती म्हणाली, "अरे, मार्सलीनं पाणी तापवून दिलं होतं हो. तू दिवसभर प्रवचनाला गेला होतास. मी अंथरूण ओलं केलं नि घाबरून घोंगडी घेऊन तिच्याकडे गेले. तिनं मला आंघोळ घातली, घोंगडी धुतली, संध्याकाळी आणून पोचवलं. म्हणाली, कुणाला सांगू नका, भाऊ पंच आहेत, लोक हसतील."

फर्करांनी खाटेकडे पाहिले. लाल काठाची घोंगडी. साऱ्या गावाने ती दोरीवर पाहिली होती. ओळखली नव्हती ती फक्त घोंगडीच्या मालकाने.

रविवारी कुरणात लांब टेबल मांडले होते, त्यावर पांढरे कापड. लोक बसायच्या आधी फर्कर गवतावर बसलेल्या मार्सलीपाशी गेले.

"मला माहीत नव्हतं. आजाऱ्याची सेवा शब्बाथलाही चालते. तुझा दोष नाही."

"आहे की," मार्सली म्हणाली. "धुणं सेवा होती. वाळत घालणं सोमवारवर ढकलता आलं असतं. आणि खरं सांगू? परसात दोरी होती. मी मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर घातली. म्हटलं, पंचांना जरा दिसू दे आपलं घोंगडं. पुण्य केलं नि त्यात काटा खुपसला."

"म्हणजे तू दोषी."

"आणि तुम्ही?"

फर्करांनी खिशात हात घालून मला दाबले. मग बाहेर काढून तिच्यापुढे धरले.

"मी तीस वर्षं याला कमाई समजलो," ते म्हणाले. "चांगला ठसा निवडून घेत आलो. घे."

"मी पात्र नाही, भाऊ."

"पात्र माणूस शोधत बसलो तर टेबल रिकामं राहील. घे म्हणतो ना!"

असा मी तिच्या खरखरीत तळहातावर गेलो. ती टेबलाशी बसली, मला पंचांच्या ताटलीत टाकले आणि भाकर घेतली. फर्कर तिच्या जागी गवतावर बसले. त्यांनी मंडळीला सारे सांगितले, आणि फळीचा बाक दुसऱ्याला मिळाला.

मित्रांनो, यानंतर नियम सैल झाला असे समजू नका. मार्सली आणखी दोन हिवाळे जगली. शब्बाथला तिने साधा रुमाल वाळत घातला नाही. म्हणे, "आधी दाराबाहेर राहायच्या भीतीनं पाळत होते. आता आत घेतल्यावर देवाचं मन कसं मोडू?" दर शनिवारी फर्कर तिच्या दारी दोन बादल्या पाणी ठेवत. शेजारी विचारत, "फेड चाललीय का?" ते म्हणत, "फिटणारं असतं तर कधीच थांबलो असतो."

पुढे कागदी चिठ्ठ्या आल्या आणि माझी गरज संपली. आज मी एका डब्यात बटणांसोबत पडून आहे, प्याला झिजून गेला आहे. माझे एवढेच मागणे आहे. मला घासून चकचकीत करू नका, काचेमागे ठेवू नका. तुमच्या दाराशी कोणी नाव खोडलेला उभा असेल, तर माझी आठवण काढा आणि हातातले पुढे करा.

हिशोब सांगायचा राहिला. त्या रविवारी वाटलेले बिल्ले चाळीस, ताटलीत परत आलेले चाळीस. पाठीची फळी गेली फर्करांची. आणि जेवणाची किंमत? ती त्या टेबलावरच्या एकानेही भरली नाही. ज्याचे टेबल होते, त्याने ती आधीच भरली होती.