तांब्याचा काठ

वाल्मीकने धामणकर नाक्यावरून आणलेल्या सोड्याच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत खोचल्या, तेव्हा शांताबाई नव्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून पितळी तांब्या राखेने घासत होती.

"मावशे, तांब्या कशाला? पावणी जपानची हाय. तिला आपलं पाणी चालत न्हाय."

शांताबाईचा हात थांबला. पाणी चालत नाही, हे तिने गावात जन्मभर ऐकलं होतं.

"विहीर आपली न् त्यांची, दोघांची हाय ना? मग बाटलीच पाजायची तर खोदली कशाला?"

"आजारी पडली म्हंजे?"

"ह्याच विहिरीचं उकळून गार केलंय, शहाण्या."

वडप्याजवळच्या त्या बौद्ध वस्तीचं महिला मंडळ आणि जपानमधला भिक्षुणींचा संघ, दोघांनी मिळून ही विहीर बांधली होती. दगड-सिमेंट त्यांचं, खोदकाम वस्तीचं. पण पाहुणीने इथलं पाणी घेतलं नाही, तर ही भागीदारी कसली? ते नुसतं दान झालं. शांताबाईचा जीव तिथेच अडकला होता.

गाडी आली. म्हातारी भिक्षुणी उतरली ती बाटल्यांकडे न बघता थेट विहिरीशी गेली. आत डोकावली आणि कमरेत वाकून तिने पाण्याला नमस्कार केला. पाण्यापुढे कुणी इतकं वाकलेलं शांताबाईने पाहिलं नव्हतं.

मग भिक्षुणीने तिच्यापुढे ओंजळ धरली.

अशीच ओंजळ धरून शांताबाई एके काळी पाटलाच्या विहिरीवर उन्हात उभी राहायची. धार वरून पडायची. भांडं बोटांना लागू द्यायचं नाही, लागलं तर ते बाटायचं.

"त्यांच्या देवळात पाणी असंच घेतात," सोबतची दुभाषी मुलगी म्हणाली. "भांडं तोंडाला लावत नाहीत. पुढच्याला स्वच्छ मिळावं म्हणून."

शांताबाईने भरलेला तांब्या वर उचलला. मग हळूच खाली आणला. त्याचा काठ भिक्षुणीच्या बोटांना टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मगच पाणी सोडलं.

भिक्षुणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओले हात तसेच पुढे करून तिने तांब्या मागून घेतला.

आता शांताबाईने ओंजळ धरली. सवयीने मान खाली गेली. वरून धार येईना. ती वाट पाहत राहिली.

तेवढ्यात बोटांना गार पितळ टेकलं.