ऊठबस

“झाली का सुरुवात? अजून दहासुद्धा वाजले नाहीत!”

छत्तीस मशिनांच्या घरघरीवरून सुपरवायझरबाईंचा आवाज नेमका तिच्या कानावर आला. ती उभी होती. एक हात मशिनच्या कडेवर, दुसरा कमरेवर, आणि सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर.

“एक मिनिट, बाई. कंबर जरा मोकळी करते नि बसते.”

“तुझी कंबर मोकळी होईस्तोवर पुढच्या अकरा जणी हात चोळत बसतात, त्याचं काय?”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या ‘ऊठबस’ म्हणत. कुणाकडे बाही, कुणाकडे खिसा, कुणाकडे काज, हिच्याकडे कॉलर. तिच्या हातची कॉलर इतकी चोख बसे, की मापाला नमुना म्हणून तीच पुढे करत. पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी ही बाई उठणार, दोन पावलं चालणार, पुन्हा बसणार. बायकांना वाटे, कामाची चोर. सुपरवायझरबाईंना वाटे, शिस्तीची चोर. खरं तर बसल्या बसल्या तिच्या कमरेत कोणी सिमेंट ओतून ठेवल्यासारखं होई आणि चाललं की ते जरा सैल पडे. पण हे सांगणार कुणाला? दुखणं म्हणजे पडून राहिल्यावर बरं वाटतं ते, अशी सगळ्यांची समजूत. हिचं सगळं उलट. सुट्टीच्या दिवशी ही जास्त आजारी.

हे सुरू झालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आता अडतीस. मुलगी झाल्यावर कंबर धरली, तेव्हा सगळे म्हणाले, बाळंतपणाची कंबर, जाईल. गेली नाही. मग टाचा धरल्या. त्यासाठी एका डॉक्टरने मऊ चप्पल दिली. मग शिंक आली की बरगड्यांत कळ जाऊ लागली; दुसऱ्याने गॅस सांगितला. थकवा तर असा, की संध्याकाळी भांडं उचलायचं तर आधी मनाची तयारी करावी लागे. तिसऱ्याने रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचा तुकडा तपासला आणि पुढे पाठवलं. शेवटी तिनेच ठरवून टाकलं, आपली अंगकाठीच मुळात कच्ची.

सकाळ सगळ्यांत वाईट. डोळे उघडले तरी अंग उघडत नसे. ओंडका लोटावा तशी ती आधी कुशीवर होई, मग पाय खाली सोडी, मग नवऱ्याला हाक मारी. नवरा कुलपं दुरुस्त करणारा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीत कुलूपच दिसे.

“गंजलंय गं तुझं. तेल सोडायला पाहिजे.”

“तेल राहू दे. हात द्या आधी.”

तो हात देई, ती उभी राही. तासाभराने ती चालती-बोलती झाली, की तो हमखास म्हणे, “बघ, झालीस ना बरी? सकाळी उगाच बाऊ करतेस.” ती मान डोलावून कामाला लागे. कारण तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

त्या आठवड्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि उजेड सुईसारखा आत घुसला. तरी ती कामावर गेली. मशिनवर दोरा ओवायला घेतला, तर सुईचं नेढं धुक्यात गेलेलं. शेजारची बाई खुर्ची लांब ओढत म्हणाली, “अगबाई, डोळे आलेत तुझे! आम्हाला देऊ नकोस हं.” पाच मिनिटांत तिच्या भोवतीच्या चारही खुर्च्या लांब सरकल्या. सुपरवायझरबाईंनी लांबूनच दाराकडे बोट दाखवलं.

डोळ्यांची डॉक्टर तिच्याहून लहान असावी. बारीक चणीची, बोलायला तुटक. तिने डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ आत पाहिलं.

“डोळे आलेले नाहीत. डोळ्याच्या आत सूज आहे. याआधी झालं होतं?”

“दोन वर्षांमागे. डाव्याला. आपोआप बरं झालं.”

डॉक्टरने थेंबांची नावं लिहायला घेतली आणि मध्येच पेन थांबवलं.

“एक विचारते. डोळ्याशी याचा काय संबंध, असं वाटेल तुम्हाला. सकाळी उठताना पाठ आखडते का?”

“आखडते.”

“बसून राहिलं की जास्त, चाललं की कमी?”

“हो.”

“पहाटे दुखण्यानं जाग येते? टाचा दुखतात? शिंकताना, मोठा श्वास घेताना बरगड्यांत कळ?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” तिने विचारलं. खरंच विचारलं. तिला वाटलं, नवऱ्याने आधी फोनबिन केला असावा.

“कोणी नाही. ही सगळी एकाच घरची माणसं आहेत. तुमच्याकडे वेगवेगळ्या दारांनी आली, एवढंच.”

तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डॉक्टरला वाटलं, मघाचं औषध झोंबलं. तिने कापूस पुढे केला. “घरात कोणाला असा त्रास होता?”

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिला वडील दिसले. पंचेचाळिशीतच कमरेत वाकलेले. मान वर होईना म्हणून कोणाशी बोलताना अख्खं अंग मागे रेलून बघणारे. रस्त्यात पडलेली बटणं, नाणी, किल्ल्या हमखास त्यांनाच सापडत. “बाकीचे पुढं बघून चालतात, मी खालचं वाचत चालतो,” असं म्हणून स्वतःच हसत. सगळे म्हणायचे, लवकर म्हातारा झाला बिचारा. औषधाचं नाव कोणी काढलं नाही, कारण म्हातारपणाला औषध कुठे असतं?

“वडलांना,” ती म्हणाली. “पण ते आता नाहीत.”

पुढचे दोन महिने रक्त, फोटो, पुन्हा फोटो यांत गेले. सांधेदुखीच्या मोठ्या डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर तिची कंबर टांगून पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडांना भेटतो ती जागा दाखवली. आजाराचं नाव सांगितलं: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. ते नीट उच्चारायला तिला तीन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, “हा पाहुणा कायमचा आलाय. हाकलता यायचा नाही, पण त्याला डोक्यावर बसू द्यायचं नाही. मणके हळूहळू एकमेकांना चिकटू बघतात. औषध सूज कमी करेल. हलतं ठेवणं तुमच्या हातात.”

“म्हणजे मी सारखी उठते, ते...”

“तेच बरोबर करत होतात.”

नवराही बरोबर आला होता. घरी येताच बाकावर बसून त्याने बराच वेळ एका कुलपात तीच चावी घातली, काढली.

“मी बाऊ म्हणायचो,” शेवटी तो म्हणाला.

“मीही म्हणायचे. मनात.”

“तू म्हणालीस म्हणून मी सुटत नाही.” त्याने कुलूप बाजूला ठेवलं. “ते व्यायाम काय सांगितलेत, ते मलाही दाखव. एकटी जमिनीवर पाय हलवत बसशील, तर कंटाळून सोडशील.”

बारा वर्षांची मुलगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. रात्रीची भांडी विसळताना तिने हळूच विचारलं, “आई, मलाही होणार?”

आईने नळ बंद केला. खोटं बोलणं सोपं होतं. “झालंच पाहिजे असं नाही. पण झालं, तर आपण बारा वर्षं वाट बघणार नाही. पहिल्या महिन्यातच जाऊ. मला रस्ता माहीत झालाय आता.”

गोळ्यांनी सकाळचं आखडणं तासावरून अर्ध्या तासावर आलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती सुपरवायझरबाईंकडे गेली. बाईंनी ती दोनदा वाचली. चेहरा उतरला, पण मान नकारार्थी हललीच.

“मला कळलं असतं तर बोलले नसते गं तशी. पण लाइनीवर हे नाही चालायचं. कॉलर अडली की शर्ट अडतो. मी वर काय सांगू?”

बाईंचंही खोटं नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“मला कटिंगला टाका. तिथे बसायला खुर्चीच नाही.”

कटिंगचा विभाग मास्तरांचा. सत्तरीला टेकलेले, बुटके, जिभेने कात्रीपेक्षा धारदार. एकतीस वर्षांत त्यांनी लांबलचक टेबलापाशी दुसऱ्या कोणाला टिकू दिलं नव्हतं. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“पोरी, इथं उभं राहायचं म्हणजे वाकायचंही. तुझी पाठ तर म्हणे मोडेन पण वाकणार नाही.”

“मग टेबल वर घेऊ.”

“आणि मी? मी काय टेबलाखालून कापू?”

ती हसली. मास्तर हसले नाहीत. आठ दिवस त्यांनी तिला फक्त कापडाचे थर अंथरायला लावले. एकावर एक चाळीस, काठाला काठ, सुरकुती दिसली की सगळं पुन्हा. ती टेबलाभोवती चालत राही, कंबर खूश. पण खडूने नमुने आखायला वाकली, की दुपारपर्यंत पाठीत निखारे. आणि उभं राहणंही काही फुकटचं नव्हतं. टाचांनी आपली वसुली सुरू केली. नवव्या दिवशी ती आलीच नाही. दहाव्याही. घरी पालथी पडून तिला वाटलं, संपलं. बारा वर्षांनी आपण नुसती जागा बदलली, दुखणं तेच.

अकराव्या दिवशी ती, जमणार नाही, असं सांगायला म्हणून गेली. टेबल वीतभर वर चढलेलं होतं. चारी पायांखाली सागाचे ठोकळे. तिच्या बाजूला जमिनीवर जाड रबराची चटई. आणि पलीकडच्या बाजूला, टेबलाच्या लांबीभर ठोकलेल्या फळीवर मास्तर उभे. पहिल्यांदाच तिच्याएवढे उंच.

“बघतेस काय?” ते गुरगुरले. “जन्मभर सगळ्यांनी मला वरून पाहिलं. आता जरा माझीही मजा. घे खडू.”

तिने खडू घेतला.

दुखणं गेलं नाही. हिवाळ्यात एकदा डोळा पुन्हा लाल झाला. या वेळी ती त्याच दुपारी डॉक्टरकडे होती. काही आठवडे असे येत, की हातात कात्री नको वाटे. तेव्हा मास्तर जड थर स्वतः उचलत आणि तिला नमुने लावायला देत. नमुने असे बसवायचे, की चिंधी कमीत कमी निघावी. त्यात तिचा हात बसला. वर्षअखेरीला गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. तिने मांडीत पहिलं इंजेक्शन घेतलं, तेव्हा नवऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले, जणू सुई त्यालाच टोचणार होती. दोन महिन्यांनी एका सकाळी तिने हाक मारलीच नाही. तो दचकून उठला आणि पाहतो तर ही खिडकीशी उभी.

मास्तर निवृत्त झाले त्या महिन्यात तिची तपासणी होती. मुलीला शाळेला सुट्टी, म्हणून तीही बरोबर आली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला, कंबर भिंतीला, खांदे भिंतीला.

“आता डोकं मागे टेकवा. जोर नको.”

डोकं टेकलं नाही. भिंत मागे होती, हे तिला तिच्या गारव्यावरून कळत होतं, पण मध्ये जागा उरली. ताईंनी पट्टी लावली.

“किती?” मुलीने विचारलं.

“मागच्या वेळेइतकंच. तीन सेंटीमीटर.”

“कमी नाही झालं?”

“वाढलं नाही,” ताई म्हणाल्या. “दीड वर्षात अजिबात नाही.”

मुलगी पुढे आली. तिने आपला तळहात आडवा करून आईच्या डोक्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत सरकवला. तो बरोबर मावला.

“टेकव,” ती म्हणाली.

तिने डोकं मुलीच्या हातावर टेकवलं आणि समोर, खिडकीबाहेर, सरळ बघत राहिली.